पाण्याकडची सोपी वाट

शाहूपुरीतल्या ऑफिसच्या दारात अभिराम स्कूटर चालू करून निघत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका नव्हता. भाजीच्या गाडीवर वांगं दाबून बघावं तसा तो हात त्याच्या खांद्यावर दाबला गेला, आणि मग आवाज आला, "पावणं, डोंगरात माणसं फिराय नेता ते तुम्हीच न्हवं?" त्यानं वळून पाहिलं. साठीची बाई, काठाचं जुनेर, हातात कापडी पिशवी. त्याला असं रस्त्यात धरून विचारणारे बरेच असत. वर्षानुवर्षं रविवारी माणसं घेऊन फिरल्यावर अर्धं कोल्हापूर तोंडओळखीचं होतं. त्यानं सवयीनं विचारलं, "नाव द्यायचंय का? कोणाचं?" "माजंच," बाई म्हणाली. "पाण्याकडची वाट हाय न्हवं, धामोडाच्या अंगाला? त्या वाटंला जायाचंय." अभिरामनं ती वाट सध्या बंद आहे असं सांगितलं. ते खरंही होतं. मग औपचारिकपणे विचारलं, मावशी, तुम्ही कुठल्या? "हुपरीची. पारूबाई. प्रसेनजीतची आई." स्कूटर चालूच होती. त्यानं ती बंद केली. आपण काहीतरी बोलायला हवं हे त्याला कळत होतं. पण आत काहीच हललं नाही. फक्त पोटरीला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं आणि जळका वास आला. खाली बघितलं तर पाय सायलेन्सरला टेकला होता, पँटचं कापड करपलं होतं.

घरी आल्यावर बायकोनं, ऋतानं फोड बघितला आणि मलम लावताना ती म्हणाली, "अरे, एवढं भाजेपर्यंत कळलं नाही तुला?" तो नाही म्हणाला. तिनं पुढं काही विचारलं नाही. गेल्या वर्षभरात ती त्याला एकच वाक्य इतक्यांदा म्हणाली होती, की आता त्याचा अर्थ गळून नुसती चाल उरली होती : तुझी काही चूक नव्हती. सगळेच म्हणाले होते. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, प्रसेनजीतचं हृदय जन्मापासूनच तसलं होतं, कधी ना कधी होणारच होतं, घरात झालं असतं, शाळेत फळ्यासमोर झालं असतं. पोलीस म्हणाले, तुम्ही काय करणार साहेब. हंबीरराव म्हणाले, माणसाची वेळ असते. हंबीरराव म्हणजे मंडळातले त्याचे जोडीदार, निवृत्त व्यायामशिक्षक. दोघांनी मिळून त्र्याण्णव साली हे मंडळ काढलं होतं. तेव्हा ट्रेकिंग हा शब्दही गावात नवा होता. लोकांना वाटे, डोंगरात जायचं ते जोतिबाला नाहीतर पन्हाळ्याला, आणि जायचं ते जेवायला. यांनी माणसांना धरणांच्या मागच्या पाण्याकडं न्यायला सुरुवात केली. राधानगरी, दाजीपूर, तुळशी, काळम्मावाडी, सगळीकडं डोंगरांच्या बेचक्यांत पाणी शिरलेलं आणि पाण्याच्या कडेकडेनं गुरांच्या पायवाटा. अभिराम आधी एकटा जाऊन वाट बघून येई आणि तिला दर्जा देई. सोपी, मध्यम, अवघड. या दर्जांविषयी तो फार काटेकोर होता. चढ किती, सावली कुठं, गुडघेदुखीवाल्यांना जमेल का, लहान मुलं चालतील का. तो 'सोपी' म्हणाला, की लोक सासूला घेऊन येत. तुळशीच्या पाण्याकडची, धामोडच्या अंगाची ही वाट त्यानंच सोपी ठरवली होती. खरोखरच सोपी होती ती. आजही कुणी विचारलं असतं तर त्यानं सोपीच म्हटलं असतं, म्हणून तो कुणाला वाटांचे दर्जेच सांगेनासा झाला. मंडळ दोन-तीन महिने थांबून पुन्हा सुरू झालं. पुढं हंबीरराव चालत, वाटा ठरवत. अभिराम सगळ्यांच्या मागून चाले. मागून चालणाऱ्याला फक्त पाठी दिसतात. ते त्याला बरं पडे.

पारूबाईबद्दल त्यानं हंबीररावांना सांगितलं ते त्यांनी नाही म्हणावं म्हणूनच. पण हंबीरराव चहाची बशी ओठाला लावता लावता थांबले आणि म्हणाले, "मग न्हेऊया की. त्यात काय? कधीतरी जायाला लागणारच हाय त्या वाटंनं. का जन्मभर वळसा घालत बसणार हायस?" अभिराम म्हणाला, आपण तिघंच जाऊ, मधल्या वारी, गाडी करून. तसा निरोपही त्यानं हुपरीला पाठवला. उलटा निरोप आला : तसं नको. रविवारी, सगळ्या माणसांबरोबर, एसटीनं. प्रसेनजीत जसा गेला तसंच.

प्रसेनजीतचा चेहरा त्याला नीट आठवत नसे. कागलच्या शाळेत गणित शिकवणारा तिशीतला मुलगा, बारीक मिशी, बोलताना समोरच्याच्या खिशाकडं बघायचा. ती त्याची तिसरीच फेरी होती. एसटीत तो अभिरामच्या शेजारी येऊन बसला होता आणि म्हणाला होता, "सर, अवघड वाटेला कधी नेणार?" आणि अभिराम म्हणाला होता, "आधी आणखी दोन-तीन सोप्या कर की." यापलीकडं काही नाही. त्यापेक्षा त्याचे बूट जास्त आठवत. निळे कापडी बूट, डाव्याच्या नाडीला गाठ मारलेली. जेवण झाल्यावर पाण्याच्या काठी, जांभळीच्या झाडाखाली तो आडवा झाला होता. बूट काढलेले, मोजे त्यांच्यावर वाळत घातलेले. ऊन सरकून त्याच्या तोंडावर आलं म्हणून अभिराम उठला, शेजारी पडलेली पांढरी टोपी उचलली आणि त्याच्या तोंडावर ठेवली. कुणीतरी हसलं, म्हणालं, मास्तर गेले कामातून. अभिराम म्हणाला, "झोपू दे रे त्याला." मग सगळे पाण्यात पाय सोडून बसले, कुणी गाणी म्हटली. निघताना डॉक्टर प्रीतीनं गंमत म्हणून त्याच्या पायाचा अंगठा ओढला. ती दातांची डॉक्टर. अंगठा ओढल्यावर ती ज्या तऱ्हेनं गप्प झाली, त्यावरून सगळ्यांना कळलं. धनगरवाड्यातल्या माणसांनी शिडी आणली. शिडीवर घालून त्याला खाली नेताना अभिराम मागून ते निळे बूट हातात घेऊन चालत होता. सगळी वाट त्याला एवढंच वाटत होतं, की मोजे पडतील.

पुढं कधीतरी, ऑफिसात पॉलिसीच्या कागदांवर सह्या करताना, त्याला त्या टोपीची आठवण झाली. टोपी ठेवताना त्याच्या हाताची मागची बाजू प्रसेनजीतच्या नाकाजवळून गेली असणार. मग तिथं श्वास लागला होता का? गरम? त्यानं सही अर्धी सोडून हात उलटा करून पाहिला. केस, एक जुना व्रण, फुगलेली शीर. हाताला काही आठवत नव्हतं. तेव्हापासून तो रोज विचारत होता. कपाळाला किंवा छातीला नव्हे, हातालाच विचारत होता, आणि हात मुका होता. एका रविवारी दुपारी ऋता जेवून पडली असताना त्यानं तिच्या नाकाजवळून तसाच हात नेऊन पाहिला होता. श्वास लागला, चांगला उष्ण, ओलसर. म्हणजे लागतो. म्हणजे लागला असता तर कळलं असतं. पण कळलं नाही म्हणजे लागला नाही, असंही म्हणता येत नव्हतं, कारण त्या दिवशी तो हाताकडं लक्ष देऊन नव्हताच. त्याचं लक्ष उन्हाकडं होतं. ऋतानं डोळे उघडले होते आणि त्याच्या हाताकडं बघत म्हणाली होती, "काय बघतोयस?" तो म्हणाला, माशी होती. ती कुशीवर वळली. त्यानंतर ती दुपारची त्याच्या आधी झोपेनाशी झाली.

जानेवारीतल्या रविवारी सकाळी स्टँडवर पारूबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली होती. पायात साध्या चपला, अंगावर पांढरी साडी, डोक्यावरून पदर, तीच कापडी पिशवी. तिच्याविषयी अभिराम आणि हंबीरराव सोडून कुणाला काही माहीत नव्हतं. जुनी माणसं त्या वाटेला आलीच नव्हती, सगळे नवे होते. एक बँकेतलं जोडपं, कॉलेजच्या मुली, जयसिंगपूरचे दोन तंबाखूवाले भाऊ. धामोडला उतरल्यावर रिवाजाप्रमाणं गोल करून सगळ्यांनी आपापली ओळख सांगायची असे. नाव, गाव, कशासाठी आलात. मुली म्हणाल्या, निसर्ग आवडतो. तंबाखूवाले म्हणाले, डॉक्टरनं पोट कमी कराय सांगितलंय, तशी सगळी हसली. पारूबाईची पाळी आली तेव्हा अभिराम जमिनीकडं बघू लागला. ती म्हणाली, "पारूबाई. हुपरीहून आलोय. फिराय." बँकवाल्या बाईनं टाळ्या वाजवल्या. "या वयात! कमाल आहे हं आजींची." पारूबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमी काय काम करता, बाई?"

वाट सुरुवातीला नाचणीच्या कापलेल्या वावरांतून जाते, मग कारवीच्या झुडपांतून, आणि एक वळण घेतल्यावर एकदम पाणी दिसतं. दरवेळी त्या वळणावर माणसं "अहाहा" म्हणत. अभिरामला वाटलं होतं, इथं आपल्याला काहीतरी होईल, पाय थांबतील, छाती भरून येईल. त्यानं त्याची तयारीही केली होती, पाण्याची बाटली हाताशी ठेवली होती. मुली "अहाहा" म्हणाल्या. तो वळणावर आला, पाणी बघितलं. पाणी होतं. आटत चाललेलं होतं, काठाला चिखलाच्या वाळलेल्या पायऱ्या पडल्या होत्या. पलीकडच्या डोंगराची सावली पाण्यात होती. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशाकडं बघावं तसं तो त्याच्याकडं बघत राहिला. हे निळं म्हणजे पाणी, हे तपकिरी म्हणजे डोंगर. पुढं पारूबाई चालत होती. ती चांगली चालत होती, ना दमत होती ना थांबत होती. मधेच तिनं मागं वळून विचारलं, "त्यो कुणाच्या संगट चालत हुता? पुढं का मागं?" अभिराम म्हणाला, "मधे. बहुतेक मधे." "बहुतेक म्हंजे?" "नक्की लक्षात नाही, मावशी." "बरं," ती म्हणाली, आणि त्यानंतर मुलींच्या घोळक्यात शिरून मधे चालू लागली.

प्रसेनजीतचं पुण्यानुमोदन हुपरीच्या विहारात झालं तेव्हा अभिराम गेला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर मेणबत्त्या, त्याच्या फोटोला हार. त्रिशरण म्हणताना सगळे हात जोडून बसले तेव्हा तोही बसला. शब्द येत नव्हते म्हणून ओठ हलवत राहिला. त्याला वाटत होतं, कुणीतरी उठावं, कॉलर धरावी, विचारावं. शाळेतले दोन मास्तर बोलले, वस्तीतले बाळासो बोलले, की पोरानं सगळ्या गल्लीतल्या पोरांचं गणित सुधारलं, फुकटात. मग सगळ्यांना चहा आला, आणि अभिरामला पहिल्यांदा, पाहुणा म्हणून. कप गरम होता हे त्याला आठवतं. बायका आतल्या खोलीत होत्या. तिथं पारूबाई असणार. त्या खोलीच्या दाराशी चपलांचा ढीग होता, बाहेर पडताना त्यातल्या एका चपलेवर त्याचा पाय पडला होता आणि त्यानं वाकून ती सरळ केली होती. तेवढाच काय तो संबंध.

जांभळीच्या झाडाशी सगळी पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. डबे उघडले गेले. पारूबाईनं पिशवीतून भाकरी, झुणका आणि खरडा काढला आणि सगळ्यांना वाटला. तंबाखूवाले म्हणाले, आजी, अशी भाकरी घरात पण मिळत न्हाई. ती जेवली. पोटभर जेवली, सावकाश, आणि हात पाण्यावर जाऊन धुऊन आली. जेवणानंतर हंबीरराव उठले आणि म्हणाले, ज्यांच्यात दम आहे त्यांनी वरच्या टेकाडावर चला, तिथनं सगळं पाणी एका नजरेत दिसतं, थोडा चढ आहे, बाकीच्यांनी इथंच थांबा. हे आधी ठरलेलं नव्हतं. जाताना त्यांनी अभिरामकडं पाहिलंसुद्धा नाही. सगळेच वर गेले. बोलण्याचे आवाज हळूहळू कारवीत बुडाले आणि मग पाण्यावरून एक बारकासा वारा तेवढा राहिला.

"कुठं?" पारूबाईनं विचारलं. त्यानं बोटानं दाखवलं. झाडाच्या बुंध्यापासून थोडं खाली, जिथं मुळं जमिनीत शिरतात आणि मधे माणसाएवढी सपाट जागा राहते. ती तिथं गेली, बघितलं, पायानं दोन बारके दगड बाजूला सारले. तिथंच खाली बसली. तोही थोड्या अंतरावर बसला. ती रडेल असं त्याला वाटलं. तिनं जमिनीवर हात फिरवला आणि तळवा साडीला पुसला.

"टोपी हुती म्हणं तोंडावर. कुणी घातली?"

"मी."

"ऊन आल्तं?"

"हो."

"बरं केलंस." मग बाजारात भाव विचारावा तितक्या सरळपणे तिनं विचारलं, "तवा जित्ता हुता का?"

वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी, पोलिसांनी, ऋतानंही नाही. अभिरामनं आपल्या हाताकडं पाहिलं. तिला काहीतरी सांगता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिचा मुलगा आणखी थोडा वेळ जगला असता, उन्हात, पाण्याच्या काठी, गाणी ऐकत. नाही म्हटलं असतं तर तो झोपेतच कुणाला न कळता गेला असता आणि कुणालाच काही करता आलं नसतं. दोन्ही वाक्यं त्याच्या तोंडात तयार होती आणि दोन्ही सारखीच कोरडी होती. "माहीत नाही मला, मावशी," तो म्हणाला. "मी आठवायचा लई प्रयत्न केला. नाही आठवत." आपण 'लई' म्हणालो हे त्याच्या उगीचच लक्षात आलं. एरवी तो तसं बोलत नसे.

पारूबाईनं मान हलवली. पलीकडच्या काठाला म्हशी उतरत होत्या, त्यांची डोकी तेवढी पाण्यावर राहत होती. "मला काय दिसंना झालंय बघ," ती म्हणाली. "दवाखान्यात बघितला त्यो येगळाच. हात असं सरळ केल्यालं, पाय बांधल्यालं. त्यो तसा कधी झोपतच न्हवता. इथं कसा हुता त्येच दिसत न्हाई. सगळी सांगत्यात झोपल्यागत हुता, झोपल्यागत हुता. आरं, पर कसा झोपल्यागत?" आणि मग त्याच्याकडं वळून, उरलंसुरलं पाहुणेपण टाकून ती म्हणाली, "तू झोप बघू तसा. दाव मला."

"अहो मावशी —"

"झोप. कोन न्हाई बघाय."

तो उठला. बूट काढले. का काढले ते त्याला कळलं नाही, पण काढले, आणि मोजेही काढून त्यांच्यावर टाकले. मुळांच्या मधल्या जागेत तो पाठीवर आडवा झाला. खाली जमीन थंड होती, वरनं ऊन होतं. पाठीला एक खडा टोचत होता. जांभळीची पानं वर एकमेकांवर घासत होती. "असा?" तिनं विचारलं. "हो. असाच." "पाय असं लांब?" त्यानं आठवून उजवा पाय थोडा दुमडला. "आन हात?" एक हात छातीवर होता, दुसरा डोक्याखाली. त्यानं तसे हात ठेवले. हे त्याला बरोबर आठवत होतं, सगळं आठवत होतं, त्या एका गोष्टीशिवाय. पारूबाई सरकून जवळ आली. "डोळं झाक." त्यानं डोळे मिटले. तिचा हात त्याच्या गुडघ्याला लागला, तिनं पाय थोडा आत ढकलला, आणि मग स्वतःशीच म्हणाली, "व्हय. असाच. ह्यो पाय असाच घ्याचा त्यो, ल्हानपणापास्नं." तिचा आवाज बदलला नव्हता. पापण्यांवर ऊन तांबडं दिसत होतं. मग ते तांबडं काळपट झालं. ती उन्हाच्या आड येऊन बसली असावी. आता ती काही विचारेल, आता म्हणेल ऊठ, असं वाटून तो पडून राहिला. तिच्या कपड्यांना धुराचा आणि भाकरीचा वास होता. म्हशींना हाकणाऱ्या कुणाचा तरी आवाज पाण्यावरून येत होता आणि पोचेपर्यंत पातळ होत होता. त्याला वाटलं, प्रसेनजीतला शेवटी हेच ऐकू आलं असेल. मग वाटलं, की ऐकू आलं असेल का, ते आपल्याला माहीत नाही. मग खडा टोचायचा थांबला.

जाग आली ती माणसांच्या बोलण्यानं. टेकाडावरून सगळी उतरत होती, अजून बरीच लांब होती, कुणीतरी हंबीररावांना मोठ्यानं काहीतरी विचारत होतं. अभिरामनं डोळे उघडले. डोक्याखालचा हात पार बधिर झाला होता. तोंडाच्या कडेला लाळ सुकली होती. त्याला क्षणभर आपण कुठं आहोत तेच समजेना. झाडाची सावली सरकून मघाच्या डब्यांच्या जागेपर्यंत गेली होती आणि तो उन्हात पडला होता, पण तोंडावर ऊन नव्हतं. पारूबाई आधीच्या जागी नव्हती. ती त्याच्या दुसऱ्या अंगाला, उन्हाकडं पाठ करून बसली होती. तिच्या पाठीवरचा पदर घामानं भिजून चिकटला होता आणि तिची सावली बरोबर त्याच्या डोक्यावर पडली होती. हातातल्या जांभळीच्या डहाळीनं ती त्याच्यावरच्या माश्या वारत होती.

तो धडपडत उठून बसला. लाज वाटली, की इथं, या जागेवर, हिच्यापुढं आपण झोपलो. "मावशी, अहो, हाक मारायची नाही का?" तो म्हणाला. "इतका वेळ तुम्ही उन्हात..."

पारूबाईनं डहाळी खाली टाकली आणि गुडघ्यावर हात टेकून उठता उठता त्याच्या केसातलं वाळकं पान काढलं.

"घोरत हुतास की," ती म्हणाली. "कशाला उठवू?"